पास झालेलं घर

राज्याचे दोन भाग होणार की नाही, या एका गोष्टीवरून सगळं हैदराबाद तापलेलं होतं, त्या दोन-तीन वर्षांत मी लोकांची घरं बघत फिरायचो. कामाचं नाव व्हेरिफिकेशन. कुणी क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला की कार्डाची कंपनी तो पत्ता आमच्या एजन्सीकडे पाठवायची, आणि एजन्सी आम्हा पोरांपैकी कुणाला तरी तिकडे पिटाळायची. माणूस खरंच तिथं राहतो का, घर स्वतःचं की भाड्याचं, फ्रिज आहे का, टीव्ही केवढा, दारात गाडी कुठली, शेजारी काय म्हणतात, एवढं बघून यायचं. घरामागं पैसे मिळायचे. पेट्रोल आपलं.

मी बी.कॉम. होऊन बसलो होतो. सरकारी भरतीच्या जाहिराती निघत नव्हत्या. आधी राज्याचा फैसला, मग भरती, असं जो तो म्हणायचा. सकाळी चिक्कडपल्लीच्या लायब्ररीत जाऊन जागा धरायची, पुस्तक उघडायचं, आणि थोड्या वेळानं पाय आपोआप बाहेर ओढायचे. बाहेर आज बंद, उद्या मोर्चा, परवा बसच नाही. चहाच्या टपरीवर रोज नवी बातमी, आणि संध्याकाळी ती खोटी निघायची. माझ्याच्यानं कुठंच बसवत नव्हतं. एका मित्रानं या कामाला लावून दिलं तेव्हा ते मला मनापासून आवडलं. एका जागी थांबायचं नाही, कुणाच्या घरात दहा मिनिटांच्या वर टेकायचं नाही, गाडीला किक मारायची की पुढचा पत्ता.

आम्ही मूळचे नांदेडकडचे. आजोबा रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि काचीगुड्याला आले. जुनं हैदराबाद राज्य मोडलं, पुढं गाव महाराष्ट्रात गेलं आणि आमचं कुटुंब इकडं राहिलं. वडीलही रेल्वेतच होते. बरकतपुऱ्याच्या मागच्या अंगाला, रुळांकडे उतरणाऱ्या गल्लीत आमच्या दोन खोल्या. घरात मराठी, गल्लीत दखनी, शाळेत तेलुगू. मराठी वाचायला वडिलांनी मला हट्टानं शिकवलं. ताई वाचते, पण बोट ठेवून.

एजन्सीत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला कळलं की काही गल्ल्यांना निगेटिव्ह एरिया म्हणतात. तिथल्या माणसाचा पगार कितीही असो, कार्ड मिळत नाही. वकिलांना आणि पोलिसांनाही नाही, कारण वसुलीला गेलं तर ते उलटे भांडतात. आमची गल्ली निगेटिव्ह होती. सुपरवायझर जुन्या शहरातला, चाळिशीचा, सदा हसतमुख माणूस. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तेरे घरकू तेरेकूच भेजा तो तूच फेल करके आएगा मियाँ." सगळे हसले. मीही हसलो आणि हेल्मेट उचलून बाहेर पडलो.

या कामानं माझी नजर बदलली. कुठंही गेलो की आधी वस्तू दिसायच्या, माणसं नंतर. दहा फुटांच्या खोलीत भिंत व्यापणारा टीव्ही दिसला की मला त्याचे हप्ते दिसायचे. सोफ्यावरचं प्लास्टिक काढलेलं नसलं, एसीवर दुकानाचा कागद तसाच असला, की हे घर घाईत भरलंय हे कळायचं. एका नातेवाइकाकडे मयतानंतरच्या जलदानाला गेलो होतो. घरात बायका रडत होत्या आणि मी कोपऱ्यातल्या फ्रिजला किती दारं आहेत ते बघत होतो. मायनं कोपरानं ढोसलं तेव्हा भानावर आलो.

त्याच सुमारास ताईचं स्थळ आलं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, एका खाजगी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. वडिलांच्या बौद्ध विहारातल्या ओळखीतून आलेलं स्थळ होतं. मुलगा नामपल्लीच्या एका सरकारी कचेरीत ज्युनिअर असिस्टंट. वडील नाहीत, फक्त आई. अंबरपेटला भाड्याचं घर. ते दोघं आमच्याकडे येऊन गेले, पोहे खाल्ले, पसंती कळवली. मग आपण त्यांचं घर बघून यायचं ठरलं.

माय म्हणाली, "तू चल संगं. तुला घरं बघायची सवय हाय."

मी गेलो, आणि बघितलं. स्वच्छ झाडलेलं अंगण. पुढच्या खोलीत एक दिवाण, त्यावर धुतलेली चादर. जुना, छोटा टीव्ही, त्यावर विणलेला रुमाल. एका दाराचा फ्रिज, त्याचा रंग कडेनं उडालेला. भिंतीवर तेच दोन फोटो जे आमच्या घरात होते. चहा आला तो जाड काचेच्या ग्लासांत, ट्रे स्टीलचा. मुलगा बोलायला हळू, समोरच्याचं पूर्ण ऐकून मग तोंड उघडणारा. मी फोनचं निमित्त करून बाहेर गेलो आणि शेजारच्या बाईंना तेलुगूत विचारलं. त्या म्हणाल्या, "चांगला मुलगा आहे. आईला दवाखान्यात स्वतः घेऊन जातो. आवाज कधी ऐकला नाही."

घरी आल्यावर मी छाती काढून सांगितलं, "घर पास. एक वस्तू हप्त्यावरची नाही."

वडिलांना तेवढं पुरलं. त्यांनी साखरपुड्याची बोलणी सुरू केली.

आठ-दहा दिवसांनी ताई मला म्हणाली, "त्यांना मला भेटायचंय. तू पण ये म्हणले." नामपल्लीच्या मैदानात दरवर्षीचं प्रदर्शन चालू होतं. तिथंच भेटायचं ठरलं, कारण त्यांची कचेरी जवळ, आणि त्या गर्दीत कुणी कुणाकडे बघत नाही. शालींची दुकानं, सुक्या मेव्याचे ढीग, खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळाला टेकून उभे बाप. भोंग्यावर हरवलेल्या मुलांची नावं तीन-तीन भाषांत पुकारली जात होती. ताई आणि ते बाकावर बसले त्याच्या समोरच एका कार्ड कंपनीचा स्टॉल होता. टाय लावलेली माझ्याच वयाची पोरं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मागं धावत होती. "सर, लाइफटाइम फ्री. सर, एक मिनिट. सर."

मी मिरची भज्यांची पुडी घेऊन थोडा लांब उभा राहायला निघालो, तर ते म्हणाले, "तुम्ही पण बसा. तुम्ही त्या लाइनमधले आहात, तुम्हाला लवकर कळंल."

मी बसलो.

"घर तुम्ही पास केलं म्हणून कळलं," ते म्हणाले.

"हौ," मी हसून म्हणालो.

"मग आता माझं ऐका. माझ्यावर चार कार्डांचं कर्ज आहे."

मी ताईकडे बघितलं नाही. ते खाली बघत, पण न अडखळता सांगत गेले. वेगळ्या राज्यासाठी कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला होता, तेव्हा तेही मंडपात बसले होते. खुशीनं बसले होते, त्याचा पस्तावा नव्हता. पण पगार बंद झाला. घरभाडं थांबेना, आईचं इन्सुलिन थांबेना. खिशात कार्डं होती. कचेरीच्या व्हरांड्यात टेबल टाकून वाटलेली, एकानं घेतलं म्हणून सगळ्यांनी घेतलेली.

"एटीएममध्ये घातलं की नोटा यायच्या," ते म्हणाले. "मला वाटलं, आपलाच पगार आगाऊ मिळतोय. संप मिटला की भरून टाकू."

"मग मिटला ना संप?" ताईनं विचारलं.

"मिटला. पगार पण सुरू झाला. पण तोवर आकडा वाढला होता. दर महिन्याला कमीत कमी एवढे भरा म्हणून लिहून यायचं. तेवढे मी भरत गेलो. एक महिना चुकवला नाही. पण आकडा जागचा हलायचा नाही. मग एकाचे भरायला दुसरं वापरलं, दुसऱ्याचे भरायला तिसरं."

"किती झालेत?"

"वर्षाचा पगार. थोडा जास्तच."

आगगाडी शिट्टी वाजवत समोरून गेली. ताईनं ती जाईपर्यंत वाट बघितली.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. आईला पण नाही. आता तुम्हा दोघांना."

"मला काहून सांगायलात?"

"लग्नानंतर कार्डवाल्यांचा फोन तुम्ही उचलला असता," ते म्हणाले. "तेव्हा कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. तुम्ही नाही म्हणालात तर मी घरी माझ्याकडून नाही आलं असं सांगीन."

शेकडो घरं मी बघितली होती. हप्त्यांचा वास मला दारातूनच येतो असं मी एजन्सीत सांगायचो. आणि हे घर, जिथं कर्जाचं सगळं घरभाड्यात आणि औषधात गेलं होतं, ते मला स्वच्छ धुतलेल्या चादरीसारखं दिसलं होतं. मी उठलो, भज्यांची पुडी तशीच ठेवली, आणि ताईला म्हणालो, "चल."

ती सावकाश उठली. त्यांना म्हणाली, "मी विचार करून सांगते. तुम्ही तोवर काही सांगू नका कुणाला."

परत येताना ती माझ्या मागं गाडीवर बसली होती. मी फार जोरात चालवत होतो. काचीगुड्याच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा तिनं विचारलं, "कमीत कमी भरले तर मुद्दल काहून हलत नाही रे?"

"व्याज असतं," मी म्हणालो.

"ते कळलं. पण एवढं?"

इतकी घरं पास-नापास केली, पण एकही बिल मी हातात धरून वाचलं नव्हतं. आमच्या गल्लीत कुणाकडे कार्डच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला विचारलं. कोण, कुठलं, काही सांगितलं नाही. त्यानं चहा मागवला आणि समजावून सांगायला बसला. एटीएममधून काढलेल्या पैशाला पहिल्या दिवसापासून व्याज. पूर्ण भरलं नाही तर उरलेल्यावर व्याज, आणि नव्या खरेदीवरही व्याज. उशीर झाला तर दंड, दंडावर पुन्हा व्याज. कमीत कमीचा आकडा असा काढतात की माणूस भरू शकेल, पण मुद्दलाला हात लागणार नाही.

"मग सगळ्यांनी पूर्ण भरलं तर?" मी विचारलं.

तो हसला. "पूरा भरनेवाला उनके किस काम का? उसकू तो वो लोगां फुकटा बोलते. थोडा-थोडा भरते रहनेवाला, घर छोडके नहीं भागनेवाला, इज्जतकू डरनेवाला, वैसा आदमी होना उनकू." मग माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "उसकाच पता तू ढूंढरा ना बेटा."

मी चहा अर्धा टाकून खाली आलो. गाडी काढली आणि पत्ता न बघताच निघालो. टँक बंडवरून सिकंदराबादपर्यंत गेलो, परत आलो. एक मंडप ओलांडला, तिथं भाषण चालू होतं, समोर सरकारी कर्मचारी बसलेले. प्रत्येकाच्या खिशाकडे माझी नजर जात होती.

त्या रविवारी ताईनं मुलाला आमच्या घरी बोलावलं. एकट्याला. ती आदल्या दिवशी फोनवर म्हणाली होती, "मला मान्य आहे, पण माझ्या वडलांना तुम्ही स्वतः सांगा. मी नाही सांगणार." ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले, आणि जे आम्हाला सांगितलं होतं तेच वडिलांना सांगितलं.

वडील म्हणाले, "कर्ज मी बी काढलं. रेल्वेच्या सोसायटीतून, तीनदा. पण तिथं खिडकीत बसलेला माणूस मला वळखत होता. पोरगी आजारी हाय म्हणल्यावर त्यानं एक हप्ता पुढं ढकलला. तुमच्या या कंपनीत हाय का असा कुणी?"

"नाही," ते म्हणाले. "फोन करतो तो माणूस दर वेळेला दुसराच असतो."

माय आतून बाहेर आली. तिनं पदर खोचलेला होता. "पोरगी देऊन कर्ज फेडायचं का आमी?"

"माय," ताई म्हणाली.

"तू गप. लोकं काय म्हणतील? सरकारी नोकरी बघून दिली अन् आत हे निघालं."

"माय, यांनी सांगितलं म्हणून आपल्याला कळलं. ह्यानं तर घर पास केलं होतं." ती माझ्याकडे बोट करून म्हणाली, आणि तिला हसू आलं. मला त्या वेळी हसण्यासारखं काही वाटलं नाही. मी उघड विरोधात होतो. तिला म्हणालो, ही साखळी तुटत नाही, मी आता समजून घेतलंय, तू यात पडू नको. ती म्हणाली, "तू समजून घेतलंस ते चांगलं झालं. मग मला मदत कर."

लग्न झालं. विहारात, साधं. बरकतपुऱ्याच्या हॉलसाठी वडिलांनी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी ताईच्या नावानं ठेवले आणि तिला बजावलं, यातला एक रुपया कार्डवाल्यांना द्यायचा नाही. लग्नाआधी मुलानं ताईच्या समोर चारही कार्डं कात्रीनं कापली. ते आता माझे दाजी झाले.

पुढची दोन वर्षं मी त्या घरात जायला नाखूश असायचो, आणि तरी दर दोन दिवसांनी जायचो. कार्डं कापल्यावर एकाचे भरायला दुसरं उरलं नव्हतं, भरणं चुकायला लागलं, आणि वसुलीचा फोन सतत वाजायचा. दाजी कचेरीत उचलत नसत, म्हणून ताईच्या लॅबमध्ये यायचा. एकदा मी तिला डबा द्यायला गेलो होतो तेव्हा ऐकलं. तिनं फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला होता आणि रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये एकेक बसवत होती.

"मॅडम, आपके मिस्टरकू समझाओ. इज्जत का सवाल है."

"इज्जत मेरी है, मैं देख लेती," ताई म्हणाली. "तुम आकडा बताओ. कल एक बोले, आज एक बोल रहे."

पलीकडचा माणूस गोंधळला, त्यानं फोन ठेवला. ताईनं हातमोजे काढले. मला म्हणाली, "डब्यात काय आहे?"

मी काम सोडलं नव्हतं. पैसे लागत होते. पण घरात शिरलो की लवकर बाहेर पडायला बघायचो. मलकपेटला एका घरी गेलो होतो, नवरा कामावर, बाईंनी पाणी दिलं. मी वस्तू बघत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "भाई, तुम तो रोज देखते. कार्ड लेना क्या नक्को?"

असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "हर महिना पूरा भर सकते तो लेओ."

"पूरा भर सके तो फिर कार्ड कायकू?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या हातातला ग्लास घेऊन आत गेल्या.

त्या महिन्यात मी काम सोडलं. काही तत्त्व वगैरे नव्हतं. मला नुसतं त्या दारांतून आत जाववेना. पुढं बेगम बाजारात एका मसाल्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागलो. तिथंही सगळी उधारीच होती, आणि शेठ कुणाला सोडणारा नव्हता. पण उधार घेणारा समोर खुर्चीवर बसून त्याच्याशी भांडायचा, शिव्या द्यायचा, चहा पिऊन जायचा. एवढा फरक मला पुरेसा वाटला. तिथंही मी फार दिवस टिकलो नाही.

शेवटी राज्याचे दोन भाग झाले. रात्रभर फटाके वाजले. दाजींच्या कचेरीवर दिव्यांच्या माळा लागल्या. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली. त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ किनाऱ्याकडचे होते, सहा-सात वर्षं दोघं एका डब्यात जेवलेले. ते पलीकडच्या राज्यात निघाले. त्यांच्या निरोपाच्या जेवणाहून आल्यावर दाजींनी आम्हाला सांगितलं. तो माणूस राज्य फुटू नये म्हणून झालेल्या संपात बसला होता. त्याचाही पगार बंद झाला होता. त्यानंही कार्डांवर घर चालवलं होतं. व्हरांड्यातल्या त्याच टेबलावर घेतलेली, दाजींच्यासारखीच कार्डं.

"इतकी वर्षं शेजारी बसलो," दाजी म्हणाले. "राज्यावरून भांडलो, महिनाभर बोललो नाही. पण हे त्यानं मला सांगितलं नाही आणि मी त्याला सांगितलं नाही. आज भात कालवता कालवता निघालं."

"मग काय म्हणाले ते?" ताईनं विचारलं.

"काय म्हणणार? हसला. म्हणाला, आपण दोघं हरलो काय नि जिंकलो काय, त्यांचं दुकान दोन्हीकडं चाललं." दाजी पुढं म्हणाले, "स्टेशनवर सोडायला गेलो तर रडला."

नव्या राज्यात पगार वाढला, मागच्या वाढीची थकबाकीही मिळाली. दोन कार्डांचं कर्ज दाजींनी कचेरीच्या सोसायटीतून पैसे काढून पूर्ण फेडलं. उरलेल्या दोनांसाठी एक वसुलीवाला घरी आला. मी ओळखलं. आमच्याच एजन्सीतला, माझ्याबरोबर डबा खाल्लेला. तो मला बघून लाजला, मग दोन्ही हात जोडून बसला. म्हणाला, "सेटलमेंट करून टाका. निम्म्याहून कमीत मिटवून देतो. एकदम भरायचं, कागद घ्यायचा, विषय संपला."

"विषय संपला म्हणजे नक्की काय?" ताईनं विचारलं.

"म्हणजे पुन्हा फोन नाही, अक्का."

थकबाकीचे पैसे तिथं गेले. फोन थांबले. पहिले काही दिवस ताई फोनकडे बघायची आणि म्हणायची, "वाजत नाहीये." दाजींनी पेढे आणले होते. मायनंही एक खाल्ला.

आणखी काही वर्षांनी, भाची शाळेत जायला लागल्यावर, उप्पलच्या पुढं एक छोटा फ्लॅट बघितला. वडिलांनी ताईच्या नावानं ठेवलेले पैसे पहिल्या भरण्याला येणार होते. उरलेल्याला बँकेचं कर्ज. दाजींबरोबर मी गेलो होतो. बँकेतल्या बाईंनी संगणकात बघितलं, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "तुमची दोन जुनी खाती सेटल्ड दिसतात."

"हो, मिटवली ती. कागद आहे," दाजी म्हणाले.

"सेटल्ड म्हणजे तुम्ही पूर्ण भरलं नाही, असा अर्थ होतो सर. क्लोज्ड वेगळं."

"पण त्यांनीच सांगितलं एवढे भरा म्हणून. त्यांचा माणूस घरी आला होता."

"ती कंपनी वेगळी सर. आम्हाला जे दिसतं त्यावर आम्ही जातो."

मी मोठ्यानं बोलायला लागलो. ज्या माणसानं कार्डं होती तोवर एक महिना चुकवला नाही, मुद्दलाच्या कितीतरी पट भरलं, त्याला तुम्ही हे सांगताय, असं काहीतरी. लोक वळून बघायला लागले. दाजींनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. कोठीच्या बसस्टॉपवर आम्ही उभे होतो. एकामागून एक बस आली आणि गेली. ते म्हणाले, "त्या बाईंवर काहून ओरडला? त्यांचा काय दोष?"

"मग कुणाचा आहे?"

"तेच तर," ते म्हणाले. "कुणावर ओरडायचं ते सापडतच नाही."

फ्लॅट झाला नाही. ताईनं घरी आल्यावर ऐकून घेतलं, जेवायला वाढलं, आणि म्हणाली की भाड्याच्या घरात नळाला पाणी येतं, शाळा जवळ आहे, पुढचं पुढं. तिला वाईट वाटलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवस ती घरीच राहिली. मग पुन्हा लॅबला जायला लागली.

मागच्या उन्हाळ्यात त्यांचा फ्रिज पार गेला. ताईनं महिनाभर मटक्यातलं पाणी आणि रोजच्या रोज दूध असं भागवलं, पैसे साठवले, आणि दिलसुखनगरच्या एका मोठ्या दुकानात आम्ही चौघं गेलो. भाचीनं निळा फ्रिज निवडला. विकणारी मुलगी हसऱ्या चेहऱ्याची होती. तिनं विचारलं, "कार्ड कुठलं सर?"

"कॅश," दाजी म्हणाले.

"कॅश कशाला सर? हप्त्यावर घ्या, शून्य व्याज. वर कार्डावर सूट आहे."

"कॅशवर किती सूट?" ताईनं विचारलं.

"कॅशवर नाही मॅडम. कार्डावरच."

"म्हणजे आम्ही रोख देतोय तर आम्हाला महाग?"

मुलीनं मॅनेजरला बोलावलं. त्यानं तेच पुन्हा सांगितलं, फक्त इंग्रजीत. मी आतल्या आत खदखदायला लागलो होतो, पाय दाराकडे वळत होते. पुन्हा एकदा मोठ्यानं काहीतरी बोलून बसलो असतो. ताईनं मॅनेजरला शांतपणे विचारलं, "शून्य व्याज म्हणता, तर कंपनीला त्यात मिळतं काय?" तो हसला आणि म्हणाला, "मॅडम, तो त्यांचा बिझनेस आहे."

"बरं," ताई म्हणाली. "मग हे मोजून घ्या."

तिनं पर्समधून पाकीट काढलं. मॅनेजरनं नोटा मशीनमध्ये घातल्या, एक नोट उजेडाकडे धरून बघितली, आणि पावती केली. टेम्पो संध्याकाळी पाठवतो म्हणाला. भाची म्हणाली, आत्ताच पाठवा. दाजींनी तिला उचलून घेतलं. बाहेर रस्त्यावर ताई माझ्या पुढं चालत होती आणि दाजींशी वाद घालत होती, की फ्रिज स्वयंपाकघरात मावणार नाही, बाहेरच्या खोलीत ठेवावा लागेल, आणि दाजी म्हणत होते, मावतो, मी वीत लावून बघितलंय.